मासेमारी करताना अपघात किंवा आजार: दवाखाना दूर असताना काय करावे?

समुद्रात मासेमारी करणाऱ्यांच्या उपचारांबद्दल बरेच बोलले जाते. खोल समुद्रातल्या बोटीवर वायरलेस असतो आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक असतो. जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र इटलीत रोम येथे १९३५ पासून चालू आहे. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांवर आणि शेकडो मामा तलावांवर मासेमारी करणारे ढिवर, भोई, केवट बांधव डोंग्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून एकटेच पाण्यात असतात. किनारा डोळ्यांना दिसतो, पण तिथून पक्का रस्ता, मोबाइलचे नेटवर्क आणि दवाखाना कित्येक किलोमीटर दूर असू शकतो.

अशा ठिकाणी पहिला अर्धा तास रुग्ण तुमच्याच हातात असतो. त्या अर्ध्या तासात काय करायचे, काय टाळायचे आणि कोणत्या तक्रारीसाठी वेळ न दवडता निघायचे, याची माहिती या लेखात आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• बुडालेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर पोट दाबू नका, उलटे टांगू नका. लगेच तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा.
• साप चावल्यास चिरा, पट्टी आवळणे, झाडपाला यात वेळ घालवू नका. प्रतिविष फक्त दवाखान्यात मिळते.
• शिंगी माशाचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा.
• पाण्यात काम करणाऱ्याला ताप आला तर २४ तासांच्या आत रक्त तपासा.
• रुग्णवाहिकेसाठी १०८. नेटवर्क कुठे मिळते ते आधीच माहीत करून ठेवा.

१. पाण्यात बुडणे

पट्टीचा पोहणाराही बुडतो. जाळे पायात अडकते, डोंगा कलंडतो, तलावातल्या गाळात पाय रुततो किंवा धरणाचे पाणी सोडल्यावर प्रवाह अचानक वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात अनेकींचा जीव गेला. हिवाळ्यातले शांत दिसणारे पाणीही जीव घेऊ शकते.

*वाचवताना:* बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून आधी काठी, बांबू किंवा वल्हे पुढे करा. ते पोहोचत नसेल तर दोरी बांधलेला रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन किंवा ट्यूब फेका. उडी हा शेवटचा उपाय आहे. उडी घ्यावीच लागली तर तरंगणारी वस्तू सोबत घ्या.

*बाहेर काढल्यावर:*

१. खांदे हलवून हाक मारा. छाती वर-खाली होते का ते १० सेकंद पाहा.
२. श्वास नसेल किंवा अधूनमधून आचका दिल्यासारखा असेल तर माणसाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. तोंडात चिखल, शेवाळ दिसत असेल तर तेवढे काढा.
३. कपाळ मागे करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून ५ वेळा श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे.
४. त्यानंतर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा दाबा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. मग २ श्वास द्या. हा क्रम माणूस श्वास घेईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत चालू ठेवा. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला.
५. उलटी झाली तर मान आणि शरीर एकत्र कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

पोटातले पाणी काढण्यासाठी माणसाला डोक्यावर घेऊन फिरवणे, मडक्यावर पालथे घालणे, पोटावर दाब देणे हे प्रकार अजूनही दिसतात. यामुळे पोटातले पाणी आणि अन्न फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडालेल्या माणसाला पाण्यापेक्षा प्राणवायूची कमतरता मारते. म्हणून आधी श्वास.

माणूस शुद्धीवर आला तरी घरी नेऊ नका. खोकला, धाप, छातीत घरघर, गुंगी यांपैकी काहीही असेल किंवा तो थोडा वेळ बेशुद्ध राहिला असेल, तर दवाखान्यात किमान ६ ते ८ तास देखरेख लागते. फुप्फुसांची सूज उशिरा वाढू शकते.

२. सर्पदंश

जाळ्यात सापडणारा साप बहुतेक वेळा पाणदिवड, म्हणजे धोंड्या असतो. तो चिडका असतो, चावतो आणि रक्तही काढतो, पण विषारी नसतो. मात्र काठावरच्या गवतात, बंधाऱ्याच्या दगडांत आणि रात्री झोपण्याच्या जागी नाग, मण्यार, घोणस हे विषारी साप असतात. अंधारात कोणता चावला हे ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक दंश विषारी समजून निघा.

*मण्यारबद्दल खास सांगायचे आहे.* हा साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, उलटी, घसा दाटणे, पापण्या जड होणे अशी सुरुवात होते आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थकतात. रात्री काठावर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर तो सर्पदंशच आहे असे धरून चला.

*काय करावे:*

• माणसाला शांत बसवा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा काठीचा आधार द्या.
• अंगठी, कडे, करदोडा, पायातला काळा दोरा काढा. सूज वाढली की ते रुततात.
• दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवा.
• रुग्णाला चालवू नका. मोटारसायकलवर न्यायचे असेल तर चालवणारा पुढे, रुग्ण मधे आणि त्याला धरून बसणारा तिसरा मागे. नेपाळच्या दमक भागात गावातल्या स्वयंसेवकांनी याच पद्धतीने रुग्ण पोहोचवायला सुरुवात केली आणि लोकांना माहिती दिली. तिथे सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले.

*काय करू नये:* ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका, दोरी आवळू नका, बर्फ लावू नका, दारू पाजू नका. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका. घोणसाच्या विषाने रक्त गोठत नाही आणि या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

दवाखान्यात नेल्यावर काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त २० मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का पाहतात. विषबाधेची लक्षणे दिसली तर प्रतिविषाच्या साधारण १० कुप्यांनी सुरुवात करतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष तेवढेच सोडलेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. नसेल तर थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. गावातल्या पुजाऱ्याला किंवा वैदूला भेटायचेच असेल तर त्यालाही गाडीत सोबत घ्या. त्याच्यासाठी गाडी थांबवू नका.

३. माशाचा काटा लागणे

शिंगी, मांगूर आणि शिंगाडा या माशांच्या परांना टोकदार काटे असतात. यातल्या शिंगीच्या काट्याला विषाची ग्रंथी असते. जाळ्यातून मासा सोडवताना तो बोटात घुसला की काही क्षणांत आग होते, ठणका कोपरापर्यंत चढतो, हात सुजतो. मजबूत माणसालाही रडू येते इतक्या या वेदना असतात.

याचा उपाय सोपा आहे. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. चहाच्या पातेल्यात पाणी तापवा. आधी चांगला हात घालून पाहा. सहज सोसवेल इतके, म्हणजे ४५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी गरम हवे. दुखऱ्या हाताची संवेदना कमी झालेली असते, म्हणून त्या हाताने अंदाज घेतला तर भाजते. त्यात हात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवा, पाणी कोमट झाले की बदला. बहुतेकांचा ठणका अर्ध्या तासात उतरू लागतो.

नंतर जखम साबण-पाण्याने धुवा. काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल, जखम सांध्यावर असेल, दुसऱ्या दिवशी सूज वाढली किंवा पू दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. आत राहिलेला तुकडा महिनोन्‌महिने बोट सडवत राहतो.

४. गळ रुतणे आणि इतर जखमा

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. ओढला की तो मांस फाडतो. म्हणून दोरा कापा, गळ हलणार नाही असा कापडाने बांधा आणि आरोग्य केंद्रात या. तिथे जागा बधिर करून दोन मिनिटांत काढता येतो. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गळ लागला तर अजिबात हात लावू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी कागदी कपाची टोपी ठेवून थेट जिल्हा रुग्णालयात न्या.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे घट्ट दाबा. मधेच उचलून पाहू नका. तलावाच्या पाण्यात जखम धुऊ नका. त्या पाण्यातले काही जंतू एका दिवसात पाय काळा-निळा करू शकतात. पिण्याचे पाणी आणि साबण वापरा. हळद, तंबाखू, चुना, गाडीचे ऑइल काहीही भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन गेल्या ५ वर्षांत झाले नसेल तर घ्या.

पहाटे काठावर अस्वल, वाघ किंवा कुत्र्याने जखम केली असेल तर ती १५ मिनिटे साबणाने धुवा. अशा जखमेला रेबीजची लस आणि गरजेनुसार जखमेत भरायचे इंजेक्शन दोन्ही लागतात.

५. वीज आणि विजेचा करंट

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पाण्याबाहेर या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परत जाऊ नका. एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळच्या विजेची सूचना देते.

वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. शेणात किंवा खड्ड्यात पुरण्याने काहीही होत नाही. श्वास बंद असेल तर वर सांगितल्याप्रमाणे छाती दाबा आणि श्वास द्या. अशी माणसे वाचू शकतात.

तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे बेकायदा आहे आणि त्यात मासे मारणाराच आधी मरतो. कोणी असा पडला असेल तर त्याच्यामागे पाण्यात उतरू नका. आधी पुरवठा बंद करा.

६. ऊन, थंडी आणि सिकलसेल

चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पाण्यावर गार वाटते, पण ऊन वरून आणि पाण्यावरून परावर्तित होऊन दोन्हीकडून लागते. डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, ओआरएस, विश्रांती. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात आहे. कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला आणि त्याच अवस्थेत गाडीत न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

थंडीत पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणे सिकलसेलच्या रुग्णासाठी धोक्याचे असते. थंडी, दमणूक आणि कमी पाणी पिणे या तिन्हींमुळे त्याच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मग हाडे, कंबर, छाती असह्य दुखते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून तपासणी मोफत आहे. 'एसएस' कार्ड असलेल्यांनी थंड पाण्यात उतरण्याऐवजी जाळे विणणे, मासे विकणे अशी काठावरची कामे घ्यावीत. छातीत दुखून धाप लागली किंवा ताप आला तर घरी थांबू नका.

७. ताप आला तर

नदीकाठच्या माणसाच्या तापाची चार महत्त्वाची कारणे आहेत.

• मलेरिया (हिवताप): राज्यात गडचिरोली यात आघाडीवर आहे. आशा ताईंकडे बोट टोचून १५-२० मिनिटांत निकाल देणारी चाचणी असते आणि औषध मोफत आहे. फाल्सीपेरम प्रकारात दोन-तीन दिवसांत मेंदूला सूज येऊ शकते. ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण करा.
• लेप्टोस्पायरोसिस: उंदीर आणि जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होतो. पायाच्या बोटांतल्या चिखल्या आणि खरचटलेली त्वचा हा त्याचा दरवाजा. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे, नंतर कावीळ किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसतात.
• स्क्रब टायफस: झुडपातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होतो. काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटने भाजल्यासारखा काळा खपल्याचा डाग शोधा.
• डेंग्यू: अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणे, पुरळ.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी मासेमारी करतो, पाण्यात असतो." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. लेप्टो आणि स्क्रब टायफस साध्या, स्वस्त औषधाने बरे होतात, पण ते वेळेवर सुचावे लागते. तोपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. सलाईन किंवा दुखण्याचे इंजेक्शन मारून परत पाण्यात जाऊ नका.

*लगेच मोठ्या दवाखान्यात:* बरळणे, झटके, धाप, कावीळ, लघवी बंद होणे, कुठूनही रक्त येणे, सतत उलट्या.

८. कोणी एकट्याने पाण्यात जाऊ नये?

मिरगीचे झटके येणाऱ्याने पाण्यात उतरू नये. झटका दोन मिनिटांचा असतो, पण पाण्यात तेवढी मिनिटे जीव घेतात. झटके पूर्ण थांबले असतील तर कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा, तेही सोबती आणि तरंगणारे जॅकेट असेल तरच. छातीत दुखणारे हृदयरोगी आणि इन्सुलिन घेणारे मधुमेही यांनीही जोडीनेच जावे. मोहाची घेऊन पाण्यात कोणीच जाऊ नये.

९. रुग्णाला रस्त्यापर्यंत कसे आणावे?

१०८ ला फोन करताना तलावाचे नाव सांगून उपयोग नाही. गाव, ग्रामपंचायत, तालुका आणि गाडी जिथे येऊ शकते ते ठिकाण सांगा: शाळा, देऊळ, फाटा. एक जण रुग्णाजवळ राहील, एक जण फाट्यावर उभा राहील. गाडी यायला वेळ लागणार असेल तर खाटेवर किंवा दोन बांबूंत बांधलेल्या चादरीवर रुग्णाला घेऊन तिच्या दिशेने निघा. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या रुग्णाला कुशीवर झोपवा.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागात जुलै-ऑगस्टमध्ये आजार अंगावर काढू नका. पाणी चढण्याआधी दवाखान्याच्या बाजूला या. सिरोंचा भागातून तेलंगणातले रुग्णालय जवळ पडत असेल तर तिकडे जा. राज्याची सीमा मधे आणू नका.

१०. डोंग्यात काय असावे?

• तरंगणारे जॅकेट, नसेल तर दोरी बांधलेला ५ ते २० लिटरचा बंद कॅन
• प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत मोबाइल, शिट्टी, टॉर्च
• जाळे कापायला धारदार चाकू, हाताशी येईल असा बांधलेला
• साबण, पिण्याचे पाणी, स्वच्छ सुती कापड, रुंद पट्टी
• ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल ५०० च्या गोळ्या
• मुक्कामासाठी मच्छरदाणी. ती गादीखाली खोचली तर डास आणि मण्यार दोघांपासून वाचवते

११. विमा आणि कागदपत्रे

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि अपघातात दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. तुमचे नाव नोंदले आहे का ते मच्छीमार संस्थेच्या सचिवांना आजच विचारा. अपघात झाल्यावर दवाखान्यात 'मासेमारी करताना अपघात' अशी स्पष्ट नोंद करून घ्या. डिस्चार्ज कार्ड जपा. मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. त्याशिवाय कुटुंबाचा दावा उभाच राहत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साप मारून दवाखान्यात आणावा का?
नाही. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावला जातो. दुरून फोटो निघाला तर पुरे.

तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर?
निदान छाती दाबत राहा. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण बुडालेल्या माणसाला श्वासाची गरज जास्त असते, म्हणून संस्थेतल्या दोघा-तिघांनी तरी आरोग्य केंद्रात हे शिकून घ्यावे.

चिखल्यांवर काय करावे?
पाण्याबाहेर आल्यावर पाय धुऊन बोटांच्या फटी कोरड्या करा. बुरशीचे मलम खपली गेल्यावरही दोन आठवडे लावा. उतरण्याआधी खोबरेल तेल लावले तर त्वचा कमी भिजते.

लेप्टो होऊ नये म्हणून आधीच गोळी घेता येते का?
पुराच्या पाण्यात काम करावे लागत असेल तर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी डॉक्टर देऊ शकतात. गरोदर महिला आणि लहान मुलांना ती चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक रुग्णाची तपासणी आणि उपचार जवळच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. तातडीच्या वेळी १०८ वर संपर्क करावा.*